पाणीचाचणीतला उतार

मिरज तालुक्यातील एका पाणीयोजनेच्या जमिनीखालच्या, वरून झाकलेल्या टाकीची पाणीचाचणी माझ्याकडे होती. पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामांच्या आयएस ३३७० या भारतीय मानकानुसार अशी टाकी भरल्यावर काँक्रीटला पाणी शोषून घेण्यासाठी सात दिवस द्यायचे आणि पुढचे सात दिवस चोवीस तासांच्या अंतराने पातळी नोंदवायची. एकूण उतार, म्हणजे पातळीतली घट, २० मिमीच्या आत राहिला, तर टाकी बहुतेक कामांसाठी जलाभेद्य मानता येते. आमचा उतार ३१ मिमी निघाला. मात्र पहिल्या दिवशी ७ मिमी असलेली घट शेवटच्या दिवशी २ मिमीवर आली होती. रोजची घट कमी होत असल्यास चाचणी आणखी सात दिवस वाढवता येते, हे कलम ठेकेदाराला तोंडपाठ होते. एरवी याच ठेकेदाराला काँक्रीटवर पाणी मारण्याचे दिवस आठवत नाहीत.

कलमाला आधार आहे. बारीक भेगेतून पाणी हळूहळू झिरपत असेल, तर सिमेंटमधला चुना बाहेर येऊन भेग आपोआप बुजते. पण भराव न घातलेल्या एकमेव बाजूला, तळाच्या किकरवरील (भिंतीच्या आधी ओतलेल्या तिच्या बुटक्या पायावरील) सांध्यात, चुन्याच्या पांढऱ्या रेघांशेजारीच एका ठिकाणाहून स्वच्छ पाण्याची धार लागली होती, आणि धार चुन्याने बुजत नाही.

टाकी रिकामी करून मी तेथे छिन्नी चालवायला लावली. सांध्यातून पाणी अडवणारी २३० मिमी रुंदीची पीव्हीसी वॉटरस्टॉप पट्टी अर्धी किकरमध्ये आणि अर्धी भिंतीत उभी राहायला हवी. त्यासाठी तिच्या दोन्ही कडा बाइंडिंग वायरने सळ्यांना बांधाव्या लागतात, नाहीतर भिंतीचे काँक्रीट ओतताना ती लवंडते आणि तिच्याखाली पोकळी राहते. जिथे एक गुंडाळी संपते, तिथे दोन्ही टोके तापलेल्या पात्याने वितळवून समोरासमोर चिकटवायची असतात. येथे मात्र ती एकमेकांवर चढवून तारेने आवळली होती, आणि दोन थरांमधल्या फटीतून पाण्याला सरळ वाट मिळाली होती. सांध्यावर टाचे मारून सिमेंटची साय (वरचा कमकुवत थर) काढण्याचे कामही अर्धवटच होते. सांध्याला वेगळा दर नसल्याने त्याची किंमत कोणी करत नाही. भरावाचे मात्र घनमीटर मोजून बिल निघते, म्हणूनच तीन बाजू चाचणीआधीच काळ्या मातीखाली गेल्या होत्या.

तिरपी भोके पाडून, नोझल बसवून फट बुजवणाऱ्या पॉलियुरेथेन रसायनाचे इंजेक्शन दिले, खाच न आकसणाऱ्या मसाल्याने भरली आणि टाकी पुन्हा भरली. सात दिवसांचा उतार ११ मिमी आला. टाकी उत्तीर्ण झाली.

मात्र हा उतार आमच्या इंजेक्शनमुळे घटला, की दरम्यान गाडलेल्या बाजूंच्या भेगाही बुजल्यामुळे, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. पट्टीचे उरलेले जोड त्याच टोळीने केले आहेत. अहवालात मी उतार मान्य केला आणि ‘भरावाखालील तीन बाजूंचे जोड तपासलेले नाहीत’ असेही लिहिले. हे वाक्य गाळावे म्हणून कार्यालयातून फोन आला. मी ते ठेवले आहे.