तुम्ही विचारलंत म्हणून: जावात लिहिलेला प्रोग्रॅम कंपाईल होतोय, मग रन का होत नाही?

घणसोलीच्या आमच्या ऑफिसात नवी मुलं रुजू झाली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी खुर्ची ओढून बसतं आणि विचारतं, "मॅडम, कंपाईल तर झालं, मग रन का होत नाही?" परवा पांचपाखाडीला घरी पोचले तर भाचीही लॅपटॉप उघडून तोच प्रश्न घेऊन बसलेली. म्हणून एकदा नीट लिहिते.

जावासी आणि जावा या दोन वेगळ्या कमांड आहेत: जावासी कोड कंपाईल करून क्लास फाइल बनवते, जावा ती रन करतो. जावासीला -सीपी (म्हणजे क्लासपाथ, कुठे शोधायचं त्या जागांची यादी) देऊन जार (दुसऱ्यांच्या तयार क्लासचं गाठोडं) दाखवली, तरी जार कुठे ठेवलीय ते क्लास फाइलमध्ये लिहिलं जात नाही. तिथे फक्त क्लासचं नाव राहतं. रन करताना जावा पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागतो, आणि कुठे शोधायचं ते त्याला पुन्हा सांगावं लागतं.

भाचीने जीसॉन नावाच्या तयार लायब्ररीची जीसॉन.जार देऊन आपला प्रोग्रॅम बिल.जावा कंपाईल केला, मग नुसतं 'जावा बिल' म्हटलं. आला नो क्लास डेफ फाउंड एरर, जीसॉन सापडेना. मग -सीपी लावून जार दिली, तर आता बिलच सापडेना: कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास. "मावशी, मघाशी हे तरी सापडत होतं गं!" रडवेली झाली होती पोरगी. पण तिचं फक्त एक टिंब राहिलं होतं. -सीपी नसेल आणि क्लासपाथ व्हेरिएबलही (हीच यादी सिस्टीमच्या सेटिंगमध्ये ठेवलेली) सेट नसेल, तर जावा चालू फोल्डरमध्ये बघतो. -सीपी दिली की फक्त तिच्यातल्या जागा बघतो. चालू फोल्डर हवं असेल तर टिंब आपण लिहायचं:

जावा -सीपी "जीसॉन.जार;." बिल

विंडोजवर मध्ये अर्धविराम, लिनक्स आणि मॅकवर कोलन. अवतरण चिन्हं विसरू नका, पॉवरशेल (विंडोजची कमांड लिहायची खिडकी) अर्धविरामापाशी कमांड तोडतं. 'लिब/*' लिहिलंत तर त्या फोल्डरमधल्या जार येतात, सुट्या क्लास फाइल येत नाहीत.

पॅकेज (क्लासचा नाव दिलेला गट) असेल तर आणखी एक. फाइलच्या वर 'पॅकेज दुकान' लिहिलं असेल, तर क्लासचं पूर्ण नाव 'दुकान.बिल'. दुकान फोल्डरच्या आत जाऊन 'जावा बिल' केलंत तर 'राँग नेम' असं उत्तर येतं. एक फोल्डर बाहेर या आणि पूर्ण नाव द्या.

क्लासपाथ व्हेरिएबल कायमचं सेट करून ठेवू नका, असं मी सगळ्यांनाच कळकळीने सांगते. आज एक प्रोजेक्ट चालतो आणि सहा महिन्यांनी दुसरा का मोडला ते कुणाला आठवत नाही.

आणि मला फोटो पाठवताना नुसती एररची ओळ नको. वरची कमांड आणि प्रॉम्प्टवरचं फोल्डरचं नावही दिसू द्या.