अर्थ लागला, पण एकाच बाजूचा

मागील नोंदीत कॅम्परचे (मोटारीमागे जोडून ओढायच्या फिरत्या घराचे) दोन्ही नवे टेल लाइट बसले असून आता केवळ सीलंट भरणे उरले आहे, असे मी लिहिले होते. ते विधान मागे घ्यावे लागत आहे. हेडलाइट बंद ठेवून डावा इंडिकेटर दिला की उजवा टेल लाइटही त्याच तालावर मंद लुकलुकत होता आणि डावा स्वतः मात्र पेंगुळल्यासारखा जळत होता.

1157 बल्ब (एकाच काचेत इंडिकेटर-ब्रेकचे जाड आणि टेल लाइटचे बारीक फिलामेंट असलेला) वापरणाऱ्यांना हे लक्षण ओळखीचे असेल. डाव्या दिव्याला अर्थ, म्हणजे प्रवाह परत जाण्याची वाट, मिळाला नाही की जाड फिलामेंटमधून आलेला प्रवाह त्याच बल्बच्या बारीक फिलामेंटमधून उलटा दोन्ही टेल लाइटांच्या सामाईक तपकिरी वायरीत शिरतो आणि उजव्या दिव्याच्या अर्थमार्गे परत जातो. हे ठाऊक असूनही मी दोन शनिवार-रविवार डाव्या इंडिकेटरची पिवळी वायर आणि मोटारीला जोडणारा चार पिनांचा प्लग तपासण्यात घालवले, कारण मीटरने दिव्याचा अर्थ 0.3 ओहम, म्हणजे उत्तम, दाखवला होता. चूक अशी की काळा प्रोब मी चेसिसला नव्हे, तर शेजारच्याच ॲल्युमिनियमच्या पत्र्याला टेकवला होता.

अखेर इंडिकेटर चालू ठेवून पुढच्या पांढऱ्या, म्हणजे अर्थच्या, वायरीपासून दिव्याच्या कवचापर्यंतचा व्होल्टेज ड्रॉप (वाटेत वाया जाणारे व्होल्ट) मोजला. उजवीकडे तो 0.08 व्होल्ट होता. डावीकडे दर लुकलुकीला आकडा 5 च्या पुढे उडी मारत होता. या जुन्या कॅम्परमध्ये दिव्याचा अर्थ पत्र्यातूनच चेसिसपर्यंत जातो, आणि गळती थांबवण्यासाठी मागच्या शरद ऋतूत तो डावा कोपरा उघडून पत्र्यांच्या सांध्यात ब्यूटाइल टेप (वीज न वाहणारी चिकट रबरी पट्टी) मीच भरली होती. पाणी थांबले, त्याबरोबर वीजही थांबली.

आता डाव्या दिव्यापासून थेट चेसिसपर्यंत 14 गेजची पांढरी वायर ओढली आहे. न्यू जर्सीच्या रस्त्यांवर हिवाळ्यात टाकतात त्या मिठाने चेसिसवर गंजाचे पापुद्रे धरले होते. ते तारेच्या ब्रशने चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडले, दातेरी वॉशर घालून रिंग टर्मिनल आवळले आणि वर ग्रीस चोपडले. ड्रॉप 0.06 व्होल्टवर आला, आणि मी अंधारात उगाचच दहा मिनिटे एकटा लुकलुकणारा डावा दिवा पाहत उभा राहिलो. दिव्यांच्या पाकिटात आलेले, वायरीचे आवरण चिरून जोड देणारे निळे चिमटे मी कचऱ्यात टाकले. ओल धरणारा याहून वाईट जोड मला माहीत नाही.

उजवीकडेही अशीच वायर टाकून मोकळे व्हायचे, असे ठरले होते. मात्र हे लिहिताना लक्षात आले की छताजवळचे पाचही दिवे त्याच पत्र्यावर विसंबून आहेत. तेव्हा पुढच्या प्लगपासून मागेपर्यंत स्वतंत्र पांढरी वायरच ओढावी. लांबी सुमारे 20 फूट भरते. ब्रेक आणि टेल मिळून प्रवाह 5.4 अँपिअर धरला, तर 14 गेजमध्ये 0.27 व्होल्ट वाया जातात आणि 12 गेजमध्ये 0.17. वर छतावरच्या दिव्यांचा भार आहेच, त्यामुळे 12 गेजचीच (आकडा लहान, वायर जाड) वायर आणतो. सीलंटची नळी तोवर फडताळातच राहील.