लाकडी कॅनोपीला हवेची भोकं: किती, कुठे, कशी

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर गेला की माशांच्या टाकीवरच्या बंद लाकडी कॅनोपीखालचं, म्हणजे झाकणाच्या पेटीखालचं, पाणी सहज ३२-३३ अंशांवर पोचतं. लाइट आणि पंपाची उष्णता, पाण्याची वाफ, सगळं झाकणाखाली कोंडतं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.५. आणि गरम पाण्यात माशाला उलट जास्त लागतो. म्हणून नवतप्याची, म्हणजे मेअखेरच्या कडक नऊ दिवसांची, वाट न बघता मार्चमध्येच कॅनोपी उतरवा आणि भोकं पाडून घ्या.

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आहे, हे टाकीच्या फायद्याचंच. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. ३६ × १२ × १५ इंचाच्या टाकीत साधारण १०० लिटर पाणी असतं, ते एक अंश उतरवायला १०० किलोकॅलरी लागतात. खोलीची उष्णता आत येतच राहते, त्यामुळे हाती दोन ते चार अंशच लागतात, पण मासे वाचायला तेवढे पुरतात. अट एकच, वाफ बाहेर पडली पाहिजे. पंखा बसवलेला आहे पण हवा बाहेर जायला वाटच नाही, अशा कॅनोपी फार दिसतात. तसा पंखा नुसती दमट हवा आतल्या आत घुसळतो.

तीन फुटी टाकीला १२ व्होल्टचा १२० मिमीचा एक कॉम्प्युटर फॅन पुरे. त्याचं भोक ११५ मिमी व्यासाचं, स्क्रूची भोकं एकमेकांपासून १०५ मिमीवर. फॅन उजव्या बाजूच्या फळीत बसवा, हवा आत फेकणारा, म्हणजे वारा पाण्यावरून लांबीभर जातो. दमट हवा बाहेर ओढायला लावलेल्या फॅनचं बेअरिंग लवकर जातं. फॅनची खालची कड पाण्यापासून तीन इंच तरी वर हवी.

फॅनच्या भोकाचं क्षेत्रफळ १०४ चौरस सेंटिमीटर. बाहेर जाणारी वाट त्याच्या दीडपट ठेवा, कारण जाळी लावली की ती अरुंद होते. २० मिमी रुंद, १०० मिमी उंच, टोकं गोल असलेलं एक लांबट भोक १९ चौरस सेंटिमीटरचं होतं. अशी आठ भोकं मागच्या फळीच्या डाव्या टोकाला, वरच्या अंगाला पाडा. दोन भोकांमध्ये २५ मिमी लाकूड सोडा. भोकं फॅनच्या जवळ पाडली तर हवा तिथूनच सटकते आणि डावीकडचं पाणी तापलेलंच राहतं.

आखणी मास्किंग टेपवर करा. प्रत्येक भोकाच्या दोन्ही टोकांना, मध्यापासून मध्यापर्यंत ८० मिमी धरून, २० मिमीचं ड्रिल मारा. खाली टाकाऊ फळी दाबून धरली की मागून ढलपे निघत नाहीत. मग बारीक दातांच्या जिगसॉने मधलं लाकूड कापून ती दोन्ही टोकं जोडा. जिगसॉचं साधं पातं वर येताना कापतं, म्हणून सनमायका किंवा पॉलिशची बाजू खाली ठेवायची.

खरं काम यापुढे आहे. कापलेल्या कडेला प्लायचे थर उघडे पडतात आणि पाणी तिथूनच शिरतं. कमर्शियल प्लाय असेल तर एका पावसाळ्यात कड फुगते, थर सुटतात. पाण्याला टिकणाऱ्या आयएस ७१० मरीन प्लायचीही कड उघडी सोडू नका. सागवानाचं आडवं कापलेलं टोकही पाणी पितं. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, इपॉक्सीचा पहिला हात पातळ, तो मुरला की आणखी दोन. आठवडाभर उघड्यावर वाळू द्या, वास पूर्ण गेल्याशिवाय कॅनोपी टाकीवर चढवू नका.

आतून फायबरची मच्छरजाळी लावा, गप्पी आणि किली मासे उडी मारतात. तांब्या-पितळेची जाळी नको. तिच्यावरून ओघळलेलं पाणी टाकीत पडतं आणि तांबं कोळंबीला, गोगलगायींना मारतं. स्क्रू ३०४ स्टेनलेसचे. वायर आधी खाली झोल देऊन मगच ॲडॅप्टरकडे न्या, ओघळ सॉकेटपर्यंत जात नाही. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असल्याशिवाय टाकीत हात घालू नका.

खोलीत कूलर लावलात की हवा दमट होते आणि फॅनचा परिणाम घटतो. कूलरचा झोत टाकीवर घेऊ नका, समोरची खिडकी उघडी ठेवा. पावसाळ्यात फॅनने पाणी फारसं थंड होणार नाही, पण लाकडाला बुरशी लागू नये म्हणून तो दिवसातून काही तास चालू द्या. हिवाळ्यात हीटर सुरू झाला की भोकांवर ३ मिमी ॲक्रिलिकची सरकती पट्टी ओढून घ्या.

उन्हाळ्यात फॅन चालू असताना रोज लिटर-दोन लिटर पाणी उडतं. क्षार मात्र टाकीतच राहतात, म्हणून भर आरओच्या पाण्याची घाला. बोअरचं पाणी घालत राहिलात तर कठीणपणा आठवड्यागणिक चढतो.