कबुतरखान्याचा तिसरा हिस्सा

लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये बसून चौदाव्या शतकातले लॅटिन दस्त वाचायचे आणि त्यांचा गोषवारा काढायचा, हे माझं काम. बहुतेक मजकूर ठरलेल्या साच्यातला असतो. कोण वारलं, जमीन किती, वारस किती वर्षांचा.

त्या दिवशी हाती आलेल्या चर्मपत्रावर एका विधवेची वाटणी होती. नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा तिला हयातीपुरता मिळायचा, यालाच डॉवर म्हणत. मॅग्ना कार्टा, म्हणजे इंग्लंडच्या राजाने दिलेली हक्कांची सनद; तिच्या १२१७ च्या आवृत्तीत तसं स्पष्टच लिहिलंय. पण जमीन थेट राजाकडून मिळालेली असेल, तर आधी शपथ घ्यायची, ‘राजाच्या परवानगीशिवाय दुसरं लग्न करणार नाही’. मग एस्चीटर नावाचा सरकारी अंमलदार हिस्सा मोजून द्यायचा.

आणि मोजणी तरी कशी! पूर्वेकडची खोली तिला. मोठ्या दालनाचा तिसरा हिस्सा, कबुतरखान्याचा तिसरा, मासळीच्या तळ्याचा तिसरा, गिरणीच्या उत्पन्नाचाही तिसरा. वर दिंडीदरवाजातून जाण्यायेण्याची मोकळीक, तीही लेखी. काल घरची मालकीण होती, आज ये-जा करायलाही कागद लागतो!

उरलेले दोन हिस्से? वारस अज्ञान, म्हणून राजाने ते एका दरबाऱ्याला सांभाळायला बहाल केलेले. वारस सज्ञान व्हायच्या आत बाई गेली, तर तिचा हिस्साही त्याच्याच घशात. वाटणीच्या वेळी त्याचा माणूस हजर होता. तो तिथे कशाला आला असेल, हे सांगायला नको.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, “काही म्हण, मॅग्ना कार्टाने विधवांना पुष्कळ दिलं. नवऱ्याच्या घरात ४० दिवस राहायचा हक्क, लग्नाची सक्ती नाही.” मी त्याला ओमालची काउंटेस हवीझ हिची आठवण करून दिली. या बाईने नकार दिला तरी पहिल्या रिचर्ड राजाने तिची मालमत्ता जप्त करून तिला दुसऱ्यांदा बोहल्यावर चढवलं. तिसरा नवरा १२१२ मध्ये वारला, तेव्हा चौथा गळ्यात पडू नये आणि वारसा व डॉवर हाती राहावं, म्हणून तिने जॉन राजाला ५,००० मार्क कबूल केले. म्हणजे ३,३३३ पौंडांहून जास्त. ही सूट सनदेआधीही मिळत होती, फक्त विकत. सहकाऱ्याने मान डोलावली, पटलं असं काही म्हणाला नाही.

संध्याकाळी संपादकांचा निरोप आला: गोषवारा लांबलाय, ‘डॉवरची नेमणूक’ एवढं पुरे. अर्धा तास हुज्जत घातली. तळं आणि गिरणी गेली, कबुतरखाना आणि दरवाजा मात्र मी काढू दिला नाही.