लहान खोलीसाठी कोॲक्शियल मॉनिटर निवडताना

खोली १० बाय १२ फुटांची, टेबल भिंतीलगत, कान आणि स्पीकर यांत जेमतेम ८० सेंटीमीटर. काम मुख्यतः गायन, तानपुरा, तबला आणि हार्मोनियमचं. अशा जागेत कोॲक्शियल मॉनिटरचा, म्हणजे ट्वीटर वूफरच्या मध्यातच बसवलेल्या स्टुडिओ स्पीकरचा, फायदा किती, हे मी आधी कागदावर काढलं.

साध्या टू-वे (दोन ड्रायव्हरच्या) मॉनिटरमध्ये ट्वीटर (वरच्या सुरांचा ड्रायव्हर) वूफरच्या (खर्जाच्या ड्रायव्हरच्या) वर बसवलेला असतो. दोघांच्या केंद्रांत १५ सेंमी अंतर धरा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे दोघांत आवाज वाटला जातो तो बिंदू, २५०० हर्ट्झला. तिथे तरंगलांबी सुमारे १४ सेंमी. ८० सेंमीवरून ऐकताना डोकं ३० सेंमी वर गेलं, तर दोन्ही ड्रायव्हरपासूनच्या अंतरांत ५ सेंमीहून जास्त फरक पडतो. समोर बसल्यावर बरोबर जुळणारा २५०० हर्ट्झचा आवाज तिथे जवळपास ९ डेसिबलने खाली जातो. शब्दांची स्पष्टता आणि तानपुऱ्याची जवारी नेमकी याच पट्ट्यात असते. खुर्ची खाली-वर केली की गायकाचा आवाज बदललेला वाटतो आणि आपण विनाकारण ईक्यू (सुरांच्या पट्ट्यांची पातळी बदलणारी बटणं) फिरवत बसतो. तीन मीटरवरून ऐकणाऱ्याला हा त्रास फारसा होत नाही. म्हणजे जितकं जवळून ऐकणार, तितका कोॲक्शियलचा उपयोग जास्त.

कल्पना जुनीच आहे. टॅनॉयचं ड्युअल कॉन्सेंट्रिक १९४७चं, केईएफचं युनि-क्यू १९८८चं. ट्वीटर वूफरच्या शंकूच्या (हलणाऱ्या पडद्याच्या) मध्यात असल्यामुळे वर, खाली, बाजूला कुठूनही अंतर सारखंच राहतं.

पण याची किंमत मोजावी लागते, आणि दुकानातल्या पाच मिनिटांच्या डेमोत ती कळत नाही. वूफरचा शंकू हाच ट्वीटरचा कर्णा असतो. टू-वे कोॲक्शियलमध्ये तोच शंकू खर्जासाठी पुढे-मागे हलतो आणि वरचे सूर त्याच्याबरोबर थरथरतात. तपासायची सोपी रीत अशी: एकाच स्पीकरवर नुसता तानपुरा लावा, मग त्यात ५० हर्ट्झची साइन (शुद्ध एकसुरी स्वर) हळूहळू मिसळा. जवारी खरखरीत झाली की समजायचं. डग्ग्याच्या घुमाऱ्यात हेच घडतं, फक्त क्षणभर. मी ऐकलेल्या एका पाच इंची टू-वे जोडीत ७५ डेसिबलला सगळं ठीक होतं. ८५ला तानपुरा चिरकायला लागला. ८० हर्ट्झच्या खालचा भाग सबवूफरकडे (फक्त खर्जाच्या वेगळ्या स्पीकरकडे) दिला तर हा दोष बराच कमी होतो, पण १० बाय १२च्या खोलीत सबवूफर म्हणजे वेगळीच डोकेदुखी.

म्हणून मी थ्री-वेकडे वळलो. त्यात मिड (मधल्या सुरांचा ड्रायव्हर) आणि ट्वीटर कोॲक्शियल असतात, खर्ज वेगळ्या वूफरकडे जातो. तो वूफर थोडा खाली बसवलेला असला तरी बिघडत नाही, कारण ३०० हर्ट्झच्या आसपास तरंगलांबी मीटरभराहून मोठी असते. जेनेलेकची ८३३१ याच जातीची आणि उत्तम आहे, पण तिचं बजेट माझं नव्हतं. काली आयएन-५मध्ये ५ इंची वूफर आणि त्यावर ४ इंची मिडच्या मध्यात १ इंची ट्वीटर आहे. शेवटी हीच जोडी घेतली.

ऐकून तुलना करताना पिंक नॉइजने (सगळे सूर मिसळलेल्या सरसरत्या आवाजाने) दोन्ही जोड्यांची पातळी आधी सारखी करा. अर्धा डेसिबल मोठी वाजणारी जोडी नेहमी 'जास्त क्लिअर' वाटते. मग मोनोत पिंक नॉइज लावून बसा, उभे राहा, बाजूला सरका. आवाजाचा रंग बदलायला नको.

मोजणीसाठी आरईडब्ल्यू (रूम ईक्यू विझार्ड) हे मोफत सॉफ्टवेअर आणि मोजणीचा माइक पुरतो. स्पीकर १.२ मीटर उंचीच्या स्टँडवर खोलीच्या मध्यात ठेवा, माइक त्याच उंचीवर १ मीटरवर. जमिनीवरून परतणारा आवाज सुमारे ४.७ मिलिसेकंद उशिरा येतो, त्यामुळे ४ मिलिसेकंदांची विंडो लावली, म्हणजे तेवढ्याच वेळेतला आवाज मोजणीत धरला, की २५० हर्ट्झच्या वरचा आलेख भरवशाचा मिळतो. एकदा सरळ समोरून आणि मग १० अंश बाजूने मोजा. कोॲक्शियलमध्ये शंकूच्या कडेवरून परतणारा आवाज सगळीकडून एकदमच अक्षावर पोचतो, म्हणून काही मॉडेलांत अगदी समोरचाच आलेख जास्त खडबडीत निघतो. तसं असेल तर स्पीकरची तोंडं कानांवर न रोखता डोक्याच्या थोडी मागे रोखायची.

खरेदीत दोन गोष्टी बघा. किंमत एका नगाची आहे की जोडीची, हे विचारून घ्या. परदेशातून मागवत असाल तर मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट छापलेलं आहे का ते बघा. नुसता ११५ व्होल्टचा नग इथल्या प्लगात थेट लावला तर जळेल. जोडणी टीआरएस ते टीआरएस (तीन जोडांच्या जॅकच्या) बॅलन्स्ड, म्हणजे वाटेतली गुणगुण रद्द करणाऱ्या, केबलनेच करा, नाहीतर लॅपटॉप चार्जरला लावताच गुणगुण सुरू होते.

खर्जाचा प्रश्न मात्र कोॲक्शियल सोडवत नाही. १२ फुटांची लांबी ४७ हर्ट्झला घुमते, १० फुटांची रुंदी ५६ला. त्यावर उपाय जागेचा आणि पॅनेलचा. स्पीकरचं तोंड स्पीकरमागच्या भिंतीपासून ६० सेंमीवर ठेवलं तर भिंतीवरून परतलेला आवाज थेट आवाजाला मारतो आणि १४३ हर्ट्झला खड्डा पडतो. ३० सेंमीवर आणलं की तो २८६ला सरकतो. त्या सुराला ४ इंच जाड, दर घनमीटर ४८ किलो घनतेचा रॉकवूल (दगडी लोकर) काम करतो. एक इंची फोम फक्त वरचे सूर खातो. भिंतीजवळ आल्याने फुगलेला खर्ज आयएन-५च्या मागच्या डिप स्विचांनी (छोट्या खटक्यांनी) उतरवता येतो. खड्डा मात्र कुठल्याच स्विचने भरत नाही, कितीही बूस्ट दिला तरी वूफर नुसता दमतो. त्या पट्ट्यात डग्ग्याची पातळी मी हेडफोनवरच ठरवतो.