पावणेचाळीस फूट म्हणजे उणे किती?

भाचा सातवीला आहे, गणिताचं पुस्तक घेऊन संध्याकाळी आमच्याकडंच पडीक असतो. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. उणे सव्वापाच संख्यारेषेवर दाखवायचं होतं. पोरानं पेन्सिल शून्यावरनं डावीकडं नेली, उणे पाचवर थांबला, आणि तिथनं पाव घर उजवीकडं येऊन टिंब दिलं. म्हटलं का रे? तर म्हणतो, "मामा, सव्वा म्हणजे पाव जास्त, आणि जास्त म्हणजे उजवीकडं." आता ह्याला रागवायचं तरी काय, निम्मं बरोबरच आहे की.

तेवढ्यात ग्रुपवर मेसेज आला, आयर्विन पूल ३९ फूट ९ इंच, म्हणजे कृष्णेचं पाणी पुलापाशी तेवढं चढलेलं. सांगलीत पावसाळ्यात लोक जेवलास का विचारायच्या आधी पाणी किती झालं विचारतात, आणि ४० ला इशारा, ४५ ला धोका हे तर पोरासोरांना पण पाठ. म्हटलं धोका पातळीला शून्य धर. वर गेलं की अधिक, खाली असलं की उणे. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, म्हणजे अधिक १२ च्या पण पुढं. आणि आत्ता? त्यानं बोटं मोजली, पाच फूट तीन इंच खाली, तीन इंच म्हणजे पाव फूट, म्हणजे उणे सव्वापाच. मग वही आडवीची उभी केली आणि रेषा उभी काढली, तर स्वतःच म्हणाला, "अय्या, पाव पण खालीच जाणार की."

मग मला चेव आला. म्हटलं ह्याच पाण्याला आपली आजी काय म्हणेल? पावणेचाळीस फूट. पाऊण हा शब्द मुळात पाद आणि ऊन मिळून झालाय, पाद म्हणजे पाव आणि ऊन म्हणजे कमी, म्हणजे अपूर्णांक आणि वजाबाकी दोन्ही एकाच शब्दात, आणि आपण दुकानात रोज पावणेदोन किलो म्हणतो तेव्हा कुणाच्या डोक्यात पण येत नाही. गडी लगेच म्हणतो, मग पावणेदोनशे म्हणजे १९९ आणि पाऊण? नाही बाबा, १७५, तिथं पाव शंभराचा असतो. पाव कशाचा हे आधी बघायचं, अपूर्णांकात निम्मी पोरं तिथंच घसरतात. आमच्या आप्पांना निमकी, पाऊणकी, औटकी, म्हणजे अर्ध्याचे, पाऊणचे, साडेतीनचे पाढे, सगळं पाठ होतं, साताची औटकी विचारली की डोळे मिटून साडेचोवीस.

उणे गुणिले उणे अधिक का, हे पण पाण्यावरच भागवलं. समज पाणी तासाला दोन इंच उतरतंय, म्हणजे उणे दोन, तीन तासांपूर्वी म्हणजे उणे तीन, तेव्हा आत्तापेक्षा सहा इंच वर होतं. झालं. जुन्या काळातल्या गणिती ब्रह्मगुप्तानं ६२८ साली हे नियम लिहिले तेव्हा धन आणि ऋण, म्हणजे संपत्ती आणि कर्ज, असंच मांडलेलं, पण कर्ज गुणिले कर्ज म्हणजे संपत्ती हे सांगायला गेलो असतो तर पोरगं वही मिटून पळालं असतं.

सकाळी मेसेज आला, ४० फूट ३ इंच. इशारा पातळी ओलांडली म्हणून मी गाडी वरच्या बाजूला लावायला निघालो, तर हा वही घेऊन दारात. "मामा, उणे पावणेपाच झालं. काल मी टिंब चुकून दिलेलं ना, पाणी बरोबर तिथं आलंय."