बांगड्याचा डोळा

२४ मे

वयनीचं चित्र आज पुरं झालं. म्हणजे मला तसं वाटलं होतं.

सकाळी आठला ती पायरीवर बसली. शेजारी मासळीची पाटी, मांडीवर ताट, ताटात एक बांगडा. दर दहा मिनिटांनी उठून जायची. कधी कुकरची शिटी, कधी कोंबडी अंगणात शिरली, कधी नुसतंच "इलंय हां" म्हणून गायब. मी मात्र शाळेत जसं शिकवलं तसंच काढत गेलो. आधी चेहरा, मग मान-खांदे, मग हात आणि उरलेल्या वेळात वस्तू. चेहरा चांगला उतरला. कपाळावरच्या घामावर उजेड पडला होता, तिथं कागद पांढरा सोडला. ते एवढं जमलं की मी स्वतःवरच खूष.

अकराला तिला चित्र दाखवलं. चेहऱ्याकडे तिनं ओझरतं पाहिलं आणि खाली वाकली.

"तोंड काय, तोंडासारख्या तोंड हा. पण ह्यो बांगडो कधीचो, भावोजी?"

"आजचाच. तूच आणलास ना सकाळी."

"आजचो नाय ह्यो. डोळो बघा. उद्या कोणी ह्या बघितल्यान तर म्हणतला, ही बाय शिळो मासो इकता."

मी पाहिलं. ती बरोबर होती. बांगडा मी सर्वांत शेवटी, म्हणजे अडीच तासांनी रंगवला होता. तोवर तो ताटात उन्हाच्या तिरिपेत पडून होता. डोळा आत गेलेला, त्यावर दुधासारखा पापुद्रा. मी प्रामाणिकपणे जे दिसलं ते काढलं, आणि जे दिसलं ते शिळं होतं. पाठीवरच्या रेघा ताज्या बांगड्यावर सोनेरी झाक मारतात, त्या माझ्याकडे राखाडी झाल्या होत्या. आणि बाजूच्या पंखाखाली जो काळा ठिपका असतो तो मी काढलाच नव्हता. तो तिनं बोट ठेवून दाखवला. कागदावर बोटाचा तेलकट ठसा राहिला आहे.

मुंबईत ३५ वर्षं चित्रकला शिकवली. इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राला दर वर्षी निम्मी मुलं मासळी बाजार काढायची. टोपलीत एकासारखे एक मासे, सगळ्यांचा डोळा म्हणजे एक गोल आणि आत टिंब. त्यांना मी मार्क द्यायचो. मार्क देणाऱ्यालाच ताजा बांगडा कधी दिसला नव्हता.

३१ मे

उद्यापासून बंदी. ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक होड्या समुद्रात जाणार नाहीत. आज दिवसभर किनाऱ्यावर होड्या वर ओढायचं काम. वीस-पंचवीस माणसं एका सुरात ओढतात, मध्येच थांबून शिव्या देतात, परत ओढतात. मालवणजवळचं हे देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये माडांची एक चिंचोळी पट्टी. पावसात लाट वर चढते तेव्हा होडी ठेवायला सुरक्षित जागा कमीच उरते. म्हणून कुणाची होडी कुणाच्या परसात, कुणाची न्हाणीघराला टेकून.

माझा हिशोब सरळ आहे. दहा महिने हीच माणसं पहाटे जातात आणि परत आली की झोपतात. आता दोन महिने घरी असतील, जाळी दुरुस्त करत एका जागी बसतील. म्हणजे मला माणसं मिळाली. उजेड मात्र गेला.

९ जून

पाऊस. कागद ओला. दुपारी बारालाही ट्यूबलाईट.

१४ जून

आबा ताडपत्रीखाली जाळं दुरुस्त करत होते. पूर्वी होड्यांवर झापांचं छप्पर घालायचे, आता सगळीकडे निळं प्लास्टिक. त्या निळ्याखाली बसलेल्या माणसाचा चेहरा कसा दिसतो ते मी यापूर्वी नीट पाहिलंच नव्हतं. कपाळ आणि नाकाचा शेंडा निळा. गालाच्या खळग्यात हिरवट. हनुवटीखाली लालसर, कारण तिथं खालच्या लाल मातीचा उजेड परत येतो. गोरा-काळा असा रंगच उरत नाही.

घाईघाईत काढलं. यलो ऑकरला हातच लावला नाही, अल्ट्रामरीन आणि थोडं बर्न्ट सिएना, बस. काळा रंग मी ठेवतच नाही, या दोघांतून जो काळा येतो तो जिवंत असतो. फार दिवसांनी असं वाटलं की दिसतंय तेच कागदावर उतरतंय.

आबांच्या सुनेनं पाहिलं आणि तिच्या तोंडाचा रंगच बदलला. "अगो बाये! पप्पांक काय चावलां काय?"

तिची चूक नाही. फुरसं चावलं की माणूस निळा पडतो असं इथं प्रत्येकानं ऐकलेलं असतं. मी तिला ताडपत्रीकडे बोट दाखवून समजावलं, ती मान हलवत राहिली. मुलगा म्हणाला, "कृष्ण केल्यानी." त्यावर सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी चित्र हातात घेतलं, लांब धरलं, चेहऱ्यावरून नजर घसरवत मागच्या समुद्रावर नेली. तिथं थांबले. बराच वेळ.

"वारो खयचो ह्यो?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी दाखवलं. मागचे माड मी समुद्राकडे झुकवले होते, कारण रचनेला तसं बरं दिसत होतं. लाटा मात्र पावसाळ्यातल्या, उंच, तीन ओळींत फुटणाऱ्या. माड समुद्राकडे झुकतात ते पहाटेच्या मतलई वाऱ्यानं, हिवाळ्यात. तेव्हा समुद्र असा नसतो, पाटावर तेल सांडावं तसा असतो. आणि असल्या लाटा येतात तेव्हा वारा समुद्राकडून येतो, माड घरांवर वाकतात.

"माड मतलयचो आणि लाट पावसाची," आबा म्हणाले. "असो दिस देवान केल्लोच नाय."

त्यांचं तोंड निळं होतं याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही.

१५ जून

रात्रभर त्याच गोष्टीचा विचार. मागची पार्श्वभूमी आपण भरायची जागा म्हणून वापरतो. चेहऱ्याच्या मागं काहीतरी हवं, मग समुद्र, मग दोन माड. पण ज्याचं चित्र काढतोय तो माणूस आयुष्यभर तीच पार्श्वभूमी वाचत आला आहे. रापण लावायच्या वेळी आबा वाळूवर उभे राहून पाण्याकडे बघतात. मी एकदा शेजारी उभा होतो. त्यांनी पाण्यावरचा एक काळसर डाग दाखवला आणि म्हणाले, तारली. मला ढगाची सावली वाटली. होडीनं अर्धगोल फिरून जाळं टाकलं, दोन्ही दोर किनाऱ्यावर आले, दोन्ही बाजूंनी माणसं ओढायला लागली. तासाभरानं वाळूवर चांदीचा ढीग. तारलीच.

ज्याला पाण्याचा रंग बघून मासा ओळखता येतो त्याच्या पाठीमागे मी ट्यूबमधला निळा फासला. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

२६ जून

माईनं चित्राला बसायला साफ नकार दिला आहे. "भिंतीर लागलंय म्हणजे गेलंय." तिच्या माजघरात सासऱ्यांचा, नवऱ्याचा आणि मोठ्या दिरांचा असे तीन फोटो ओळीनं लावलेत, सगळ्यांना हार. चौथी जागा मोकळी आहे आणि तिथं खिळाही आहे. खिळ्याला सध्या कॅलेंडर. मी गप्प बसलो.

मग तिनंच तोडगा काढला. तोंड नको, हात काढ. ती माडाच्या चुडताचे हीर काढत बसते, कोयतीनं एकेक पात सोलून मधली काडी वेगळी. पण पाऊस असा होता की तिच्या पडवीत बसून काढणं अशक्य, कागदावर तुषार. नातीला सांगितलं मोबाईलवर फोटो काढ. त्यावरून घरी येऊन दोन संध्याकाळी काम केलं. फोटोवरून काढायचं नाही असं मुलांना दरडावून सांगितलेला मी.

आज नेऊन दाखवलं. माईनं चष्मा लावला, चष्मा काढला.

"मी डावरी कधीपासून झालंय रे?"

नातीनं फोटो पुढच्या कॅमेऱ्यानं काढला होता, म्हणजे आरशासारखा उलटा. कोयती डाव्या हातात. दोन संध्याकाळ मी त्या हातांच्या शिरा मोजत बसलो आणि हात कुठला हे माझ्या लक्षात आलं नाही. माई म्हणाली, राहू दे, पण कुणाला दाखवू नको, लोक म्हणतील म्हातारी चळली.

८ जुलै

कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवला आहे, तरी तीन कागदांवर बुरशीचे ठिपके. एक नेमका आबांच्या गालावर. तीळ म्हणून चालवून घेणार आहे.

१९ जुलै

संध्याकाळी वादळी पाऊस, लाईट गेली. वयनीकडे मेणबत्ती मागायला गेलो तर तीच मोबाईलच्या उजेडात गोलमो, म्हणजे सुकी बारीक कोळंबी, निवडत बसलेली. मोबाईल सुपाला टेकवून उभा केला होता. खालून वर उजेड, हाताची बोटं लाल, चेहऱ्याचा खालचा भाग उजळ आणि कपाळ अंधारात.

तिच्या भिंतीवर एक जुनं छापील चित्र आहे: हातात निरांजन घेतलेली बाई, दुसऱ्या हातानं ज्योत झाकलेली, बोटांमधून उजेड झिरपतोय. तिला कुणीतरी सांगितलंय की ते रविवर्म्याचं. मी जुना मास्तर, गप्प राहवेना. म्हटलं हे सावंतवाडीचे, आपल्या जिल्ह्यातले. सावळाराम हळदणकर, जन्म १८८२ चा. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. आणि ते तैलरंगातलं नाही, जलरंगातलं आहे. म्हणजे चुकलं तर सहज पुसता येत नाही, तो उजेड म्हणजे नुसता न रंगवलेला कागद. निरांजन घेऊन उभी राहिली ती त्यांची स्वतःची मुलगी.

वयनीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "चेडवाक किती वेळ उभ्या केल्यानी?"

तो प्रश्न मला ३५ वर्षांत कुठल्या विद्यार्थ्यानं विचारला नव्हता, मीही नाही.

तिथंच मोबाईलच्या उजेडात पेन्सिलनं दोन रेखाटनं केली. आधी सूप काढलं, मग गोलमो, मग बोटं. चेहऱ्याला पोचेपर्यंत लाईट आली आणि सगळं सपाट झालं. पण सुपातला गोलमो वयनीनं पाहिला आणि म्हणाली, "ह्यो बरो सुकलेलो हा." याहून मोठं प्रशस्तिपत्रक माझ्याकडे नाही.

२ ऑगस्ट

मे महिन्यातलं वयनीचं चित्र बाहेर काढलं. बांगड्याचा डोळा ओल्या ब्रशनं हळूहळू उचलला, टिश्यूनं टिपला, परत ओला, परत टिपला. पाठीवरच्या रेघाही. कागद थोडा दुखावला, पण खालचा पांढरा वर आला. आता बांगड्याला डोळा नाही. पंखाखालचा ठिपका मात्र भरला, तेवढा पाठ आहे.

आबांच्या मागचे माड सरळ करता येणार नव्हते म्हणून ते चित्र नव्यानं सुरू केलं. आधी वारा.

नारळी पौर्णिमा

मालवणला गेलो होतो. मानाचा नारळ समुद्राला गेला, मग बंदरावर नारळ लढवण्याची झुंबड. हातात नारळ घेतलेल्या माणसाचा चेहरा कोणी काढावा? सगळी ताकद मनगटात आणि सगळं लक्ष समोरच्याच्या नारळाच्या शिरेवर. वही काढली, धक्काबुक्कीत पेन्सिल पडली. एका मुलानं ती शोधून दिली, टोक मोडलेलं.

चार दिवसांनंतर

साडेसहाला दारावर थाप. वयनी, ओल्या पदरानं, तळहातावर एक बांगडा. होडीतून उतरला तो थेट माझ्या उंबऱ्यावर.

"भावोजी, आधी ब्रश घ्या. पाच मिंटां देतंय, मगे ह्यो तव्यार जातलो."

चष्मा सापडेना. सापडला. बांगडा खिडकीखाली ठेवला. डोळा फुगीर, आरपार, मध्ये काळं कुळकुळीत, त्याभोवती पिवळ्या धातूचं कडं, आणि काळ्यात आख्खी खिडकी: गज, माड, वरचं आभाळ. नखाएवढ्या जागेत. पाठ निळी म्हणावी तर हिरवी, आणि रेघा खरंच सोन्याच्या. थरथरत्या हातानं दोन टिपके, एक वळसा, खिडकीसाठी कागद तेवढा सोडला.

वयनी मागून बघत होती. "हां," म्हणाली. बांगडा उचलला, सवयीनं कल्ला उघडून पाहिला. लाल.

मग पहिल्यांदा ती चित्रातल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघायला लागली. मे महिन्यापासून घरात पडलेलं चित्र, पण तोंडाकडे तिनं आजच नीट पाहिलं.

"मगे माझे डोळे शिळे कित्याक ठेवल्यात?"

मला उत्तर सुचेना. पुन्हा बसशील का, म्हणून विचारलं. ती अंगणात पोचली होती. तिथूनच म्हणाली, आता नाय, आता बाजार चालू झालो.

दहा वाजता वईवरून, म्हणजे कुंपणावरून, वाटी आली. बांगड्याचं तिखलं, तिरफळाचा वास गल्लीभर. माझ्या वाट्याला डोकं होतं. शिजलेला डोळा पांढरा, खडूच्या गोळीसारखा.